पिकअपचे मागचे चाक : बेअरिंग आणि ब्रेक बदलताना

मालवाहू पिकअप ही आज अनेक कुटुंबांची भाकरी आहे. भाजीपाला, दूध, सिमेंट, पत्रे, मंडपाचे सामान असे सारे काही याच गाडीवरून जाते. बहुतेक गाड्या कर्ज काढून घेतलेल्या असतात. गाडी उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही. त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. इंजिनाचा आवाज बदलला तर मालक लगेच गॅरेज गाठतो. परंतु मागच्या चाकाच्या आत काय चालले आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक भरलेल्या गाडीचा मोठा भार मागच्या चाकांवरच असतो.

प्रत्येकाला मिस्त्री बनविणे हा या लेखाचा हेतू नाही. हे काम कोणत्या क्रमाने होते आणि प्रत्येक पायरीमागे कारण काय, हे मालकाला, चालकाला आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला कळावे, एवढाच हेतू आहे.

आतील रचना

जड भाराच्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७ मध्ये, मागचा एक्सल 'फुल फ्लोटिंग' पद्धतीचा असतो. यात गाडीचे वजन फिरणाऱ्या शाफ्टवर नसते. बाहेरील पोकळ नळीच्या टोकावर दोन बेअरिंगे बसविलेली असतात, त्यांवर हब फिरतो आणि हबला चाक व ब्रेक ड्रम जोडलेले असतात. शाफ्टचे काम फक्त चाक फिरविणे. म्हणूनच तो चाक न काढताही बाहेर ओढता येतो. हलक्या गाड्यांत वजन शाफ्टवरच असते आणि बेअरिंग त्यावर दाबून बसविलेले असते. ते काढण्यास प्रेस लागतो. त्या कामाची पद्धत वेगळी असल्याने येथे फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

हबमधील बेअरिंगचे रोलर निमुळते असतात. अशा बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अमेरिकेत घेतले. निमुळत्या आकारामुळे ते वरून येणारे वजन पेलते आणि वळणावर बाजूने येणारा रेटाही सोसते.

बेअरिंगला लागूनच आतल्या बाजूला ऑईल सील आणि त्यापलीकडे ब्रेकचे शू असतात. ही जवळीक लक्षात ठेवावी. बेअरिंग ढिले झाले की हब डुगडुगतो, सील फाटते, ग्रीस किंवा तेल लायनरवर येते आणि ब्रेक निकामी होतो. उलट ब्रेक चिकटून राहिला तर ड्रम तापतो, ग्रीस पातळ होऊन वाहते आणि बेअरिंग जळते. एकाच घरातील ही दोन माणसे आहेत. एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते. म्हणून एकासाठी हब उघडला की दुसऱ्याचीही तपासणी करावी.

दुखण्याची लक्षणे

वेगाबरोबर वाढणारा घोंघावता आवाज, एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापणे, टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ, जळका वास, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नये. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली हात धरून हलवून पाहावे. ठक-ठक असा खेळ जाणवला तर हब उघडण्याची वेळ आली असे समजावे.

खोलण्याचा क्रम

गाडी सपाट व टणक जागेवर उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. याला कारण आहे. मागचा शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही अडून राहत नाही आणि ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक तर सोडावाच लागतो. तेव्हा गाडीला धरून ठेवणारे हे ठोकळेच असतात. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचलल्यानंतर एक्सलखाली भक्कम घोडी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

शाफ्टच्या फ्लँजचे नट काढून शाफ्ट बाहेर घ्यावा. तेल सांडेल म्हणून खाली परात ठेवावी. आत लॉक नट, लॉक वायसर आणि त्यामागे बेअरिंग घट्ट करणारा नट असतो. या नटांसाठी योग्य मापाचा पाना मिळतो. छिन्नी-हातोड्याने ठोकून नट फिरविण्याची सवय सोडावी, कारण त्यात आटे व नटाचे कोपरे खराब होतात. नट निघाल्यावर बाहेरचे बेअरिंग काढून हब सावकाश ओढावा.

ड्रममधील धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. एका वेळी एकच बाजू खोलावी. स्प्रिंगा कशा बसवायच्या हे दुसऱ्या बाजूकडे पाहून कळते.

जुने बेअरिंग काय सांगते

काढलेले बेअरिंग फेकण्यापूर्वी रॉकेलने धुऊन उजेडात पाहावे. निळसर झाक असेल तर ते अतिशय तापले होते: ग्रीस कमी पडले किंवा नट फार आवळला गेला. पृष्ठभागाचे टवके उडाले असतील तर वय झाले किंवा भार अतोनात होता. तांबूस गंज म्हणजे पाणी शिरले. रोलरांमधील अंतराएवढ्या अंतरावर खळगे दिसले तर जबर धक्के बसले किंवा बसविताना चुकीच्या जागी ठोकले गेले. कारण न शोधता नुसते नवे बेअरिंग घातले तर तेही त्याच वाटेने जाते.

बेअरिंगची आतली बाजू आणि हबमधील बाहेरची कडी ही जोडी असते. नेहमी दोन्ही बदलावीत. जुन्या कडीवर नवे रोलर चालविणे ही खोटी बचत आहे. नवी कडी पितळी दांडीने चहूबाजूंनी सारखी ठोकत बसवावी. ती तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो.

ग्रीस आणि नटाचा ताण

हातांनी रोलरांच्या फटीत नवे ग्रीस पलीकडून बाहेर येईपर्यंत दाबून भरावे. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये, कारण जादा ग्रीस तापते आणि सीलवर दाब आणते. दोन प्रकारची ग्रीसे मिसळू नयेत. काही गाड्यांत हे बेअरिंग एक्सलमधील तेलावर चालते. तेथे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे. सील दर वेळी नवे घालावे.

यानंतर सर्वांत नाजूक पायरी येते. हब हाताने फिरवीत नट आवळावा म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे तो मागे घ्यावा. जड वाहनांत साधारणपणे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतका खेळ ठेवतात. लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, यावरून हे माप किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी. 'घट्ट तितके चांगले' हा समज येथे गाडी बुडवितो. चालताना धातू तापून प्रसरण पावतो आणि त्याला जागा न मिळाल्यास बेअरिंग जळते. खेळ जास्त राहिला तर हब डुगडुगतो. शेवटी लॉक वायसर नीट दुमडलाच पाहिजे.

ब्रेकचे काम

लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजण्यापूर्वीच बदलावेत आणि ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एका बाजूला नवे व दुसऱ्या बाजूला जुने ठेवल्यास गाडी ओढते. तेल प्यालेला लायनर धुऊन किंवा भाजून पुन्हा वापरू नये. ड्रमवर बहुधा कमाल व्यासाचे माप कोरलेले असते. लेथवर टर्निंग केल्यानंतर ड्रम त्या मापापलीकडे जात असेल तर तो भंगारातच द्यावा, कारण पातळ ड्रम लवकर तापतो व तडकतो. व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलून पाहावे. आत ओल असेल तर सिलिंडर बदलावा.

ब्रेक ऑईल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो. पाणी मुरलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. याचा अर्थ घाटात कळतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. तीन टनांची भरलेली गाडी तेवढी उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातील बराच वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सारा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, ऑईल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून ऑईल वेळेवर बदलावे. हवा काढताना सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या एक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने किती दबली आहे, यावरून तो वजन ओळखतो. जादा माल भरण्यासाठी पाटे वाढविले की गाडी कमी दबते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. नवे लायनर घालूनही 'ब्रेक लागत नाही' या तक्रारीचे मूळ कधीकधी येथे सापडते.

काम झाल्यावर

शू ड्रमला किंचित घासतील इतके आणून थोडे मागे घ्यावेत. एक्सलमधील तेलाची पातळी पाहावी. दहा-पंधरा किलोमीटर रिकामी गाडी चालवून दोन्ही हब हाताच्या पाठीने जपून अजमावावेत. एक जास्त तापला असेल तर पुन्हा तपासणी करावी. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळावेत.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. परंतु दोन तपासण्यांमधील काळात चाकाच्या आत काय झिजते आहे, हे कागद सांगत नाही. ते मालकानेच पाहावयाचे असते. खरेदीच्या दिवसापासून बेअरिंग, सील, लायनर व ब्रेक ऑईल केव्हा बदलले, किती किलोमीटरवर बदलले, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हब उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

विद्यार्थ्यांनी हे काम कमी प्रतीचे मानू नये. यात भौतिकशास्त्र आहे, सूक्ष्म मोजमाप आहे आणि सचोटीही आहे, कारण ड्रम बसविल्यानंतर आत काय केले ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम यासाठीच आहेत. जे दिसत नाही तेही नीट करणारा कारागीर ज्या गावात असतो, त्या गावच्या गाड्या घाट उतरून सुखरूप घरी येतात.