पाय उचलून पाहणारा कथाकार

‘एमआरआयमध्ये एल-फोर, एल-फाइव्हला डिस्क बल्ज आलाय. आता ऑपरेशन करावंच लागेल का?’ पाठदुखीवर लिहिलं की वाचकांचा हा प्रश्न हमखास येतो.

अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. १९९४ साली निष्कर्ष छापून आले. ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या किमान एका गादीला, म्हणजे डिस्कला, फुगवटा होता. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले जेमतेम ३६ टक्के. वयानुसार गादीतलं पाणी घटतं, ती पसरते. केस पिकावेत तसंच हे. म्हणून फोटोतला फुगवटा आणि अंगातली कळ यांचा मेळ बसतो का, हे आधी पाहावं लागतं.

त्यासाठीची तपासणी बिनखर्चाची आहे. रुग्णाला उताणं झोपवायचं, टाचेखाली हात घालायचा आणि गुडघा न वाकवता पाय सावकाश वर न्यायचा. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली सणकत गेली, तर गादीमुळे नस दबल्याचा संशय बळावतो. पुस्तकांत या तपासणीला फ्रेंच डॉक्टर लासेग यांचं नाव आहे. तिचं वर्णन मात्र त्यांच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने १८८१च्या प्रबंधात केलं. त्याच्या आदल्याच वर्षी बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच यांनी सहा रुग्णांच्या आधारे तेच सर्बियन भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. फोर्स्टला वाटलं, मांडीचे स्नायू नस दाबतात. लाझारेविच यांनी बरोबर ओळखलं की पाय वर जाताना नसच ताणली जाते. गादी या कळेचं कारण असते हे बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार १९३४ साली दाखवणार होते. त्याच्या अर्धशतक आधीची ही नजर! आणि हे डॉक्टर लाझारेविच सर्बियन साहित्यातले नामवंत कथाकार. चाळिशीही न गाठता गेले. या तपासणीला जगभर त्यांचंच नाव असायला हवं होतं.

आता ऑपरेशनचं. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका, म्हणजे नस दबून पायात जाणारी कळ, असलेल्या २८३ रुग्णांवरचा नेदरलँड्समधला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांचं त्याविना निभावलं. वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे झाले होते. कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, आणि मोठा तुकडा बऱ्याचदा जास्त जिरतो! तोवर वेदनाशामक, झेपेल तेवढं चालणं, मग व्यायाम. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याने फायदा होत नाही. ‘मणक्यातला गॅप भरून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर अजिबात लागू नये.

काही लक्षणांत मात्र वाट पाहणं घातक. ताप, घटणारं वजन आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय तपासायलाच हवा. आपल्याकडे तो आजही आढळतो आणि बहुतेकदा औषधांनी बरा होतो. पाऊल लुळं पडू लागलं तर सर्जनला लगेच दाखवावं. लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. त्या भागाच्या नसांवर दाब फार वेळ राहिला, तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.