हृदयाला थोडी उसंत

रायपूरजवळच्या बीरगांवला लागूनच उरला औद्योगिक भागातले कारखाने. पाळीवर कुणाच्या छातीत कळ आली की गाडी धावते रायपूरच्या एम्सकडे, नाहीतर सगळे ज्याला मेकाहारा म्हणतात त्या आंबेडकर रुग्णालयाकडे. झटका मोठा असेल आणि रक्तदाब सावरत नसेल, तर डॉक्टर बलून पंप, इम्पेला किंवा एक्मोचं नाव काढू शकतात. ते ऐकून घरच्यांचे पाय गळतात. यंत्र लावलं म्हणजे माणूस गेल्यातच जमा, हा समज फार पक्का आहे.

त्याला कारणही आहे. ४ डिसेंबर २०१६ रोजी तमिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांचं हृदय बंद पडलं, त्यांना एक्मोवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. एक्मो हे नाव घरोघरी पोचलं ते मृत्यूच्या बातमीसोबतच. पण १९६७ साली ब्रुकलिनमध्ये डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेल्या एका बाईंना पहिल्यांदा बलून पंप लावला, आणि त्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

बलून पंपाचा लांबट फुगा जांघेतून महाधमनीत सरकवतात. हृदय सैल पडलं की तो हेलियमने फुगतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रेटतो. हृदय आकसायच्या क्षणी तो मिटतो, त्यामुळे हृदयाला कमी जोर लावावा लागतो. इम्पेला हा डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत सोडणारा चिमुकला पंप. एक्मो रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत पाठवतं. व्हेंटिलेटरचं काम वेगळं, तो श्वासाला आधार देतो.

यांपैकी कुठलंही यंत्र तुंबलेली धमनी उघडत नाही. ते काम अँजिओप्लास्टीचं किंवा बायपासचं. यंत्र मिळवून देतं ते काही तास, काही दिवस. म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं: या वेळात नेमकं काय करणार आहात?

यंत्र जितकं मोठं तितका रुग्ण सुरक्षित, हेही खरं नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ६०० रुग्णांवरील चाचणीत बलून पंपाने मृत्यू घटले नाहीत. २०२३ च्या चाचणीत सरसकट एक्मो लावूनही घटले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. २०२४ च्या डॅन्जर शॉक चाचणीत निवडक रुग्णांना इम्पेला लावल्यावर सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. त्यातही रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढलाच. अतिदक्षता विभागात परिचारिका पुन्हापुन्हा चादर सारून रुग्णाचं पाऊल गार पडलंय का ते चाचपते, ते याचसाठी.