ग्रंथालयाची दिवाबत्ती

जुन्या वाचनालयाच्या पायऱ्या चढून वर गेले की दाराशेजारी बहुधा एक संगमरवरी पाटी दिसते. अमुक शेटजींनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ ही वास्तू बांधून दिली, असे तिच्यावर कोरलेले असते. आपण ती वाचतो आणि आत जातो. आतला पंखा कोणाच्या पैशांवर फिरतो, वर्तमानपत्रांचे बिल कोण भरतो, ग्रंथपालाच्या हातात महिन्याला काय पडते, हे सांगणारी पाटी मात्र कुठे नसते. दानातून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयांच्या इमारतींविषयी आज बोलायचे आहे, ते या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून.

सुरुवात आपल्या मुलखातल्या कापसापासून करतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांनी निघाला, मुंबई बंदरात पोचला आणि तिथून लिव्हरपूलला गेला. १८६४ साली इंग्रजांनी वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा केला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. नेमक्या त्याच १८६४ साली मुंबईत कापसाचे आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. काही आठवड्यांनी आणखी दोन लाख दिले, ते घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि प्रेमचंद यांचेही दिवाळे निघाले. विद्यापीठाला दिलेले दान मात्र टिकले. सर गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञाने इंग्लंडात बसून आराखडे काढले. मुंबई त्यांनी कधी पाहिली नाही. १८६९ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८७८ मध्ये पुरे झाले आणि खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. त्या दगडांत वऱ्हाडच्या किती गाड्या कापूस आहे, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण तिथून जाताना आपण मान वर करून पाहावे, एवढा हक्क आपल्याला नक्कीच आहे.

राजाबाई मनोऱ्यापासून काही पावलांवर डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. त्याची कथा मला अधिक आवडते, कारण तिची सुरुवात धनिकांनी केलेली नाही. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या यंत्रकारागिरांनी आपल्यासाठी एक संस्था काढली. यंत्रांचे नमुने, आराखडे, पुस्तके एकत्र ठेवावीत, म्हणजे काम शिकता येईल, असा साधा विचार होता. बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी तिला साठ हजार रुपये दिले. ससून घराण्याचा पैसा कापसाचा होता तसा अफूचाही होता, हेही सांगायला हवे. उरलेला खर्च सरकारने सोसला आणि सव्वा लाखाची इमारत १८७० मध्ये उभी राहिली. तोवर ससून जगात नव्हते. नाव त्यांचे राहिले, आणि ज्या कारागिरांनी संस्था काढली त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. मध्यंतरी या इमारतीचे मूळचे उतरते छप्पर जाऊन वर काँक्रीटचा स्लॅब आला होता. २०२३ मध्ये पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत छप्पर पुन्हा उतरते झाले. त्यालाही देणगीदारच शोधावे लागले.

फोर्टातल्या पेटिट इन्स्टिट्यूटचेही तसेच. १८५६ मध्ये काही पारशी तरुणांनी लहानसे वाचनालय सुरू केले. चाळीसएक वर्षांनी, १८९८ मध्ये, दीनबाई पेटिट यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, जमशेटजीच्या, स्मरणार्थ त्याला आजची इमारत बांधून दिली. म्हणजे वाचक आधी आले आणि घुमट मागाहून.

महाराष्ट्रातली बहुतेक जुनी वाचनालये अशीच वर्गणीतून निघाली. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. ठाण्यात ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले, ते केवळ मराठी पुस्तकांसाठी. या संस्था गावच्या शिक्षकांनी, वकिलांनी, कारकुनांनी आण्या-रुपयांवर जगवल्या.

आता मुद्द्याकडे येतो. इमारत एकदा बांधायची असते. ग्रंथालय रोज चालवायचे असते. ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना चांगली कळत होती. देवळाबरोबर इनाम जमीन लावून दिली जाई, तिच्या उत्पन्नातून पूजा आणि दिवाबत्ती चाले. आमच्याकडे वक्फ करणारा माणूस मशिदीसोबत चार दुकानेही वक्फ करी, त्यांच्या भाड्यात तेलवात आणि इमामाचा पगार निघावा म्हणून. देणाऱ्याला ठाऊक होते की आपण गेल्यावरही दिवा लागायला हवा. ग्रंथालयाच्या दात्यांना हे सुचले नाही असे नाही, पण पाटी लागल्यावर पुष्कळांचे समाधान झाले.

अँड्र्यू कार्नेगीने मात्र याची पक्की व्यवस्था केली. हा स्कॉटलंडातल्या डन्फर्मलिन गावच्या गरीब विणकराचा मुलगा. बापाने चार विणकऱ्यांसह पुस्तके गोळा करून गावात फिरते वाचनालय काढले होते. मुलगा अमेरिकेत पोलादाचा राजा झाला आणि १८८३ ते १९२९ या काळात त्याच्या पैशांतून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. पहिले त्याच्या जन्मगावी. अमेरिकेत त्याची अट अशी असे की जागा गावाने द्यायची आणि इमारतीला लागलेल्या रकमेच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी करातून खर्चायची. कबूल असेल तरच पैसे. काही गावांनी हे नाकारले. आधी कामगारांना धड मजुरी द्या, मग ग्रंथालये बांधा, असेही त्याला लोकांनी ऐकवले, आणि त्यात चूक काही नव्हते. पण अट शहाणपणाची होती.

आपल्याकडे असा विचार केला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. ग्रंथालयाच्या इमारतीसाठी गावाने एक हिस्सा जमवला की प्रांत पंचायत दुसरा आणि सरकार तिसरा हिस्सा घाली. दाता गाव, पंचायत आणि राजा असे तिघे, म्हणून इमारत कोणा एकाची होत नसे.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राजधानीपासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड तिने सुचवली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे त्या योजनेतही आपण नव्हतो. पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १ मे १९६८ पासून लागू झाला आणि ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. अनुदान वर्गावर मिळते. त्यातूनच पगार, पुस्तके, नियतकालिके, भाडे आणि वीजबिल भागवायचे. ड वर्गाच्या खेड्यातल्या वाचनालयाला यात छपराची कौले बदलणे कसे जमावे?

म्हणून आईवडिलांच्या नावे सभागृह बांधून देऊ म्हणणारा कोणी भेटला तर मी त्याला सुचवतो की सभागृह थोडे लहान बांधा आणि उरलेल्या पैशांची वाचनालयाच्या नावे ठेव करा. तिच्या व्याजातून निदान ग्रंथपालाला महिन्याकाठी काही मिळेल. ऐकणारे कमीच. ठेवीच्या पावतीवर उद्‌घाटनाची फीत बांधता येत नाही ना!

पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये केलेल्या कायद्यामुळे तिथे मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर वसूल होतो. तेलंगण वेगळे झाल्यावरही तो चालू राहिला. आपल्या कायद्यात असा उपकर ठेवलेला नाही. नदीच्या अलीकडची आपली ग्रामपंचायतीची पावती काढून पाहा. घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर, दिवाबत्ती कर असे रकाने तिच्यावर असतात. ग्रंथालयाचा रकाना नसतो.