नवीन घर, नवं कनेक्शन आणि मायनस सत्तावीस

हे या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून इथे ते नीट लिहून दिलेत.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. ताथवड्याच्या एका ताई नुकत्याच नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. नोकरी नवी, अजून प्रोबेशन चालू, काम घरून. बिल्डिंगमधल्या केबलवाल्या दादांकडून १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं. तेव्हापासून दिवसातून पाच-सहा वेळा मीटिंग मध्येच तुटते. मॅनेजरला किती वेळा "नेट गेलं होतं" सांगणार? दादा म्हणतात, राउटर बंद करून चालू करा. दुकानदार म्हणतो, फ्लॅट मोठाय, मेश घ्या. म्हणजे परत काही हजार रुपये. तर मेश घेऊ का, असा ताईंचा प्रश्न.

माझं उत्तर: आत्ता नको. आधी एक आकडा बघा.

गंमत अशी आहे की आपण "सिग्नल वीक आहे" म्हणतो तेव्हा एकाच दमात दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. एक सिग्नल केबलवाल्याकडून तुमच्या डब्यापर्यंत येतो. आजकाल तो बहुतेक ठिकाणी फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून, प्रकाशाच्या रूपात येतो. दुसरा सिग्नल डब्यापासून तुमच्या फोनपर्यंत जातो, तो वायफाय. फोनवर दिसणाऱ्या काड्या फक्त दुसऱ्याबद्दल सांगतात. पहिला मरणासन्न असला तरी काड्या फुल्लच दिसणार.

या दोघांची आजारी पडायची पद्धतही वेगळी. वायफाय लांब गेलं की हळूहळू मंदावतं: हॉलमध्ये ९०, बेडरूममध्ये ३०, बाथरूममध्ये ५. फायबरचा सिग्नल कमी झाला तर तसं होत नाही. डब्याला प्रकाश वाचता येतोय तोवर स्पीड जवळजवळ पूर्ण मिळतो. मर्यादा आली की आधी चुका वाढतात, आवाज रोबोटसारखा होतो, आणि मग थेट लाईनच पडते. थोड्या वेळाने आपोआप परत येते. ताईंची लक्षणं दुसऱ्या प्रकारची होती. घरभर मेश लावलं असतं तर प्रत्येक खोलीत तितकंच तुटलं असतं, बस.

डब्यावरचे दिवे बघा. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस, म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', हा दिवा बंद हवा. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाहीये, राउटर कितीही वेळा बंद-चालू करा. पण ताईंसारखी केस असेल तर दिवे बहुतेक वेळ व्यवस्थित दिसतात. तिथे आकडाच लागतो.

आकडा डब्याच्या आतच असतो. फोन वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये डब्याखालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका (बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो), लॉगिन करा आणि स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल असं काही शोधा. तिथे 'आरएक्स पॉवर' दिसेल. लॉगिन केबलवाल्याने लॉक केलं असेल तर त्यालाच विचारा: "दादा, आरएक्स पॉवर किती येतेय?" हा प्रश्न ऐकला की समोरच्याचा सूर बदलतो, बघाच.

उत्तर मायनसमध्ये येईल. घाबरू नका. मोजमाप डीबीएम. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. दर ३ ने खाली गेलं की प्रकाश निम्मा, दर १० ने खाली गेलं की दहावा हिस्सा. मायनस २० म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग, तरी डबा मजेत चालतो. घरात येणाऱ्या साधारण डब्याची मर्यादा मायनस २७ च्या आसपास. मी स्वतः मायनस १५ ते मायनस २४ ला बरं म्हणतो. मायनस २५ च्या पलीकडे तक्रार करावी. आणि मायनस ८ पेक्षा जास्त प्रकाशही वाईटच, डब्याचे डोळे दिपतात.

आता हिशोब करू. समजा केबलवाल्याच्या मशीनमधून प्लस ३ ने प्रकाश निघाला. रस्त्यात तो आठ जणांत वाटणारा स्प्लिटर लागतो, तिथे साधारण साडेदहा गेले. बिल्डिंगमध्ये पुन्हा आठचा स्प्लिटर, परत साडेदहा. झाले मायनस १८. दोन किलोमीटर फायबरचं नुकसान एक डीबीसुद्धा नाही, काच खरंच कमाल असते. चार जोड पकडा, प्रत्येकी अर्धा. आलो मायनस २०.७ ला. इथपर्यंत सगळं छान.

मग नवी बिल्डिंग भरायला लागते. शेजारच्या फ्लॅटलाही कनेक्शन हवं असतं, डक्टमध्ये स्प्लिटरला जागा नसते, म्हणून तुमच्याच तारेवर दोघांत वाटणारा एक छोटा स्प्लिटर लागतो. साडेतीन गेले. मायनस २४.२. अजूनही चालतंय. मग येतो सुतार.

नव्या घरात फायबरचे खरे शत्रू आपलेच लोक असतात: सुतार, पीओपीवाले, रंगारी, एसीवाले. त्यांच्यासाठी ती एक पांढरी किंवा काळी वायर. इलेक्ट्रिकची वायर काटकोनात वाकवली तर वीज जाते तशीच जाते. फायबर काटकोनात वाकवलं तर प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. घरात वापरायच्या चांगल्या फायबरलाही साधारण १ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या आकाराहून लहान वेटोळं नको. टीव्ही युनिटच्या मागे ठोकलेली क्लिप, सरकत्या खिडकीच्या पट्टीत चेपलेली तार, बिल्डरच्या पाइपातल्या कोपऱ्यावरून जोर लावून ओढलेली तार, सोफ्याच्या पायाखालची तार. यातलं एकही पुरेसं आहे.

ताईंच्या घरी आकडा आला मायनस २७.४. लाइनमन आले, त्यांच्याकडे लाल प्रकाश सोडणारं पेन असतं. हॉलमधले दिवे मालवले आणि टीव्ही युनिटच्या मागे एका क्लिपपाशी तार लालभडक चमकायला लागली. क्लिप काढली, तार गोलाईत फिरवली, आकडा मायनस २४ वर आला. मेश वाचलं.

ते लाल पेन वेगळं आणि नेटचा खरा प्रकाश वेगळा. नेटचा प्रकाश इन्फ्रारेडमध्ये, १४९० नॅनोमीटरवर असतो, डोळ्याला दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्यालाही नाही. त्यामुळे तार काढून तिच्या टोकात डोकावून "येतंय का" बघायचं नाही. टोकाला बोटही लावायचं नाही. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो सुमारे ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. बोटाचा तेलकट डाग म्हणजे त्याच्यासाठी डोंगर. आणि जोडताना रंग बघा: हिरव्या पिनचं टोक ८ अंशात तिरकं कापलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवी निळ्यात बसते, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि फुकटचे डीबी जातात. नवीन घरात जुना डबा आणला की हा घोटाळा हमखास होतो.

केबलवाल्याशी भांडू नका, पण मोघमही बोलू नका. "नेट स्लो आहे" याला उत्तर म्हणून रीस्टार्टच मिळणार. त्याऐवजी सांगा: "दादा, आरएक्स मायनस २७ येतेय, दिवसात पाच वेळा लाईन पडते, जरा मीटर घेऊन येता का?" आले की डक्टमधल्या बॉक्सवर किती येतंय आणि घरात किती, दोन्ही मोजायला सांगा. बॉक्सवर मायनस २३ आणि घरात २७ असेल तर दोष तुमच्या भिंतीच्या आत. बॉक्सवरच २७ असेल तर दोष त्यांचा, तुमचा सोफा हलवून काही होणार नाही. तक्रार नंबर मात्र प्रत्येक वेळी घ्या आणि जपून ठेवा.

आकडा चांगला आला आणि तरी नेट रडतंय? मग आतलं बघा. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडून स्पीड मोजा. तिथे पूर्ण मिळाला तर दोष वायफायचा. तेव्हा मेशचा विचार खुशाल करा, त्याआधी डबा टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटाजवळून हलवून बघा. प्लॅन २०० चा आणि स्पीड कायम ९४-९५ वर अडकलेला असेल तर लॅन केबल किंवा पोर्टकडे संशयाने बघा. आतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की लिंक १०० वर येते. बिल्डरने भिंतीतून टाकलेल्या लॅनमध्ये हे फार दिसतं. फक्त रात्री नऊला स्लो होत असेल तर ती गर्दी, तुमच्या घरात शोधून काही सापडणार नाही.

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी थोडंसं, कारण तिथे अजून तांब्याच्या जाड कोॲक्स केबलवर नेट येतं. तर्क तोच, आकडे वेगळे. मॉडेमचं पान बहुधा १९२.१६८.१००.१ वर. डाउनस्ट्रीम पॉवर मायनस ७ ते प्लस ७ डीबीएमव्हीमध्ये असली तर निवांत. अपस्ट्रीम ५० च्या वर गेली तर मॉडेम ओरडून बोलतोय. नव्या घरात बेसमेंटमध्ये जाऊन बघा, बिल्डरने आठ खोल्यांसाठी एक स्प्लिटर लावून ठेवलेला असतो आणि सात तोंडं रिकामी. मॉडेमची लाईन त्यातून काढा, थेट जोडा, जोड हाताने घट्ट करा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

पुढच्या भागासाठी प्रश्न पाठवणार असाल तर नुसतं "नेट चालत नाही" नको. आरएक्स पॉवरचा स्क्रीनशॉट आणि डब्याच्या दिव्यांचा फोटो, दोन्ही जोडा. स्टिकरवरचा पासवर्ड तेवढा झाका.