फडक्याचा तास

पुण्याहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: ‘जपानी माणसं एवढी शिस्तीची कशी गं?’ विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं, रक्तातच असतं त्यांच्या. ओकायामा प्रांतातल्या एका नगरपालिकेच्या माध्यमिक शाळेत मी सहायक इंग्रजी शिक्षिका आहे आणि रक्ताचा हा सिद्धान्त मला रोज दुपारी खोटा पडताना दिसतो. तेरा-चौदा वर्षांची पोरं इथेही चुळबुळी, आळशी आणि खिडकीबाहेर बघणारीच आहेत. फक्त त्यांच्याकडून काही कामं रोज, ठरल्या वेळी, न चुकता करून घेतली जातात.

माझा विषय आठवड्याला चार तास, प्रत्येक तास पन्नास मिनिटांचा. परदेशी पदवीधरांना शाळांमध्ये आणणारी ‘जेट’ ही सरकारी योजना १९८७ साली चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन सुरू झाली, त्यामुळे परदेशी ‘सेन्सेई’चं, म्हणजे शिक्षकाचं, आता कुणाला अप्रूप नाही. अप्रूप मलाच वाटलं, ते जेवणाच्या सुट्टीचं. खरं तर ती सुट्टी नसतेच.

बेल झाली की पाळीवरची मुलं पांढरे अंगरखे, टोप्या आणि मास्क चढवतात, ढकलगाडीवरून पातेली आणतात आणि रांगेतल्या वर्गमित्रांना वाढतात. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास उचलत नाही. वर्गशिक्षकही तिथेच बसून तेच जेवतात. मुख्याध्यापकांनी त्याच्या अर्धा तास आधी चव घेतलेली असते. काही बिघडलेलं असलं तर ते मुलांपर्यंत पोचू नये म्हणून. उरलेल्या एखाद्या पुडिंगसाठी ‘जान-केन’ होतं, म्हणजे दगड-कागद-कात्री, आणि त्यात हरलेला मुलगा निमूट जागेवर जातो. शुक्रवारी अंगरखे घरी जातात आणि सोमवारी धुऊन, इस्त्री होऊन पुढच्या गटाकडे येतात. आपण घातलेला कपडा दुसऱ्यासाठी धुवायचा, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

या जेवणाची सुरुवात १८८९ सालची. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी, एका बौद्ध मंदिरात भरणाऱ्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं मिळू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत परदेशी मदतीच्या दूध पावडरीवर एक अख्खी पिढी पोसली गेली. त्या दुधाची आठवण काढली की इथले म्हातारे अजून नाक मुरडतात. १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. तांदळाच्या या देशात शाळेच्या ताटात मात्र बरीच वर्षं पाव होता, भाताला अधिकृत जागा मिळाली ती १९७६ मध्ये. २००५ पासून आहारतज्ज्ञांना शिक्षकाचा दर्जा मिळण्याची सोय झाली. जेवताना ध्वनिक्षेपकावरून आजचा मुळा कुठल्या गावचा हेही कळतं.

शाकाहाऱ्याचे मात्र हाल. भाजी दिसायला सोज्वळ, पण रस्सा सुकवलेल्या माशाचा. मी डबा नेते.

करीच्या दिवशी पातेली पुसून लख्ख होतात. ही करी मेइजी सम्राटाच्या काळात ब्रिटिशांच्या वाटेने आली: पिठाने दाट केलेली, किंचित गोड. मी घरी रोज हेच खात असणार, अशी मुलांची खात्री आहे. मग मी त्यांना क्रांतिकारक रासबिहारी बोस यांची गोष्ट सांगते. इंग्रजांपासून लपत ते जपानला आले आणि १९२७ साली तोक्योतल्या नाकामुराया उपाहारगृहात त्यांच्यामुळे भारतीय पद्धतीची करी सुरू झाली. इंग्रजीच्या तासाला इतकी शांतता मला क्वचित मिळते.

त्यानंतर झाडलोट. पंधरा मिनिटं ध्वनिक्षेपकावर संगीत चालू आणि सगळी शाळा गुडघ्यांवर. मुलं ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबतात आणि ओणवी होऊन व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात. संडासही तीच घासतात. कोपऱ्यांत धूळ उरते, दोघं-तिघं फडक्यांची फेकाफेक करतात. भारतात फिरणाऱ्या व्हिडिओंत हे दिसत नाही. पण उद्या आपल्यालाच पुसायचं आहे म्हटल्यावर पेन्सिलीची साल जमिनीवर टाकताना हात जरा अडखळतो.

या सवयींची दुसरी बाजू मला भूकंपाच्या कवायतीने दाखवली. ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर त्सुनामी आली, तेव्हा कामाइशी शहरात माध्यमिक शाळेची मुलं शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरून डोंगराकडे पळाली. ठरवलेली जागा सुरक्षित वाटेना, तेव्हा आणखी वर गेली आणि वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना पटांगणात थांबवून ठेवलं होतं. शाळेमागेच टेकडी होती. जवळजवळ पन्नास मिनिटं गेली आणि ७४ विद्यार्थी दगावले. पालक न्यायालयात गेले. शाळेची आणि प्रशासनाची पूर्वतयारीच अपुरी होती हा निकाल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. रांगेत शांत उभं राहणारी मुलं बघून हुरळून जाणाऱ्या पाहुण्यांना मी ओकावाबद्दल आवर्जून सांगते.

आणि हे सगळं करून घेणारी माणसं? शिक्षक मुलांबरोबर जेवतात, त्यांच्याबरोबर फरशी पुसतात, शाळा सुटल्यावर बेसबॉल किंवा वाद्यवृंदाच्या क्लबला हजर राहतात. तपासायच्या वह्या त्यानंतर. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा निघाला. सहभागी देशांची सरासरी होती ३८.३. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना जादा कामाचे वेगळे पैसे नाहीत. १९७१च्या कायद्याने पगाराच्या चार टक्के एवढा ठोक भत्ता लावून तो विषय मिटवला. ज्या शिस्तीचं जग कौतुक करतं, तिचा बराचसा खर्च या चार टक्क्यांत भागवलेला आहे. २०२५ मध्ये कायदा बदलला, भत्ता टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर जाणार आहे. आमच्या शिक्षककक्षात या बदलावर चर्चाही झाली. क्लबचा सराव आटोपल्यावर, संध्याकाळी सात वाजता.