दुसरी शेपटी आली कुठून?

शोभेच्या माशांच्या दुकानात एक मासा नेहमी एकटा ठेवलेला असतो. बाकीचे मासे मोठ्या टाकीत थव्याने फिरत असतात आणि हा मात्र मुरंब्याच्या बरणीएवढ्या बाटलीत. निळा, तांबडा, नाही तर हिरवट. शेपटी रेशमी पदरासारखी लोंबणारी. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतो. शेजारच्या बाटलीतला दुसरा नर दिसला, की हा कल्ल्यांची झाकणे फुलवतो, सारे पर ताणतो आणि काचेवर धडका देतो. दोन नर एका पाण्यात सोडले तर एकमेकांचे पर फाडून टाकतात. म्हणून हा एकांतवास!

हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा. भातखाचरे, डबकी अशा उथळ पाण्यात तो राहतो आणि अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. टेट रेगन या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये त्याला बेटा स्प्लेन्डेन्स हे नाव दिले. रानातला बेटा मात्र तुम्ही ओळखणारही नाही. रंग मळकट तपकिरी आणि पर आखूड. लांब पदर आणि झगमगीत रंग ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मिळवलेली कमाई आहे.

आता त्या बाटल्या जरा निरखून पाहा. एखाद्या माशाला दोन शेपट्या दिसतील. शेपटी फाटलेली नसते. बुडापासूनच वेगळ्या अशा दोन शेपट्या, एक वर आणि एक खाली. अशा माशाला आपण 'दुशेपटी' म्हणू. मासे पैदा करणाऱ्याला विचारलेत, तर तो कदाचित सांगेल, "याचे आईबाप दोघेही एका शेपटीचे होते!" मग दुसरी शेपटी आली कुठून?

याचे उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांत आहे. प्रत्येक गुणधर्मासाठी पिल्लाला जनुकांची जोडी मिळते, एक बापाकडून आणि एक आईकडून. शेपटीच्या बाबतीत 'एक' हे जनुक प्रभावी आणि 'दोन' हे अप्रभावी आहे. जोडीत एक जनुक 'एक'चे आणि दुसरे 'दोन'चे असले, तरी मासा एकशेपटीच दिसतो. दुसरे जनुक त्याच्या अंगात असते, पण दिसत नाही. अशा माशाला वाहक म्हणतात. दोन वाहकांची जोडी जमली आणि एखाद्या पिल्लाला दोघांकडूनही 'दोन'चेच जनुक मिळाले, की ते पिल्लू दुशेपटी होते.

हे घरी करून पाहा. मासे नकोत, दोन चिंचोके पुरेत. चिंचोके फोडा आणि प्रत्येकाची एकेक फाक घ्या. एका बाजूला तपकिरी साल, दुसऱ्या बाजूला पांढरा गर. एक फाक म्हणजे बाप, दुसरी म्हणजे आई, दोघेही वाहक. तपकिरी म्हणजे 'एक', पांढरी म्हणजे 'दोन'. दोन्ही फाका शंभर वेळा फेका. दोन्ही पांढऱ्या साधारण पंचवीस वेळा पडतील. ती झाली दुशेपटी पिल्ले. (चिंचोका वेडावाकडा फुटला असेल तर एकीच बाजू जास्त पडते. मग सरळ दोन नाणी घ्या.)

मेंडेलने १८६६ साली आपले निष्कर्ष छापले, तेव्हा त्याच्याकडे ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडे होती. पुरते तीनास एक नव्हे, पण अगदी जवळ. बेटाची मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. नर ती तोंडात गोळा करून पाण्यावर बांधलेल्या बुडबुड्यांच्या घरट्यात ठेवतो आणि राखणही तोच करतो. त्यामुळे बेटाच्या एकाच विणीत असे प्रमाण मोजता येते.

पण दुशेपटीची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. त्या माशाच्या पाठीवरचा पर पाहा. साध्या बेटात तो अरुंद असतो, दुशेपटीत मात्र पोटाखालच्या परासारखाच लांबरुंद. मासा मधोमध आडवा दुमडला तर वरची बाजू खालच्या बाजूवर जवळजवळ बसेल! याचे कारण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आले. झिक-१ आणि झिक-४ अशी दोन शेजारी जनुके आहेत. शरीराच्या वरच्या भागाला 'पाठ' म्हणून घडवण्याचे काम ती करतात. दुशेपटीत ती जनुके शाबूत असतात, पण त्यांना चालू करणाऱ्या बटणाचा एक तुकडा गळालेला असावा, असे शास्त्रज्ञांना दिसले. जपानच्या भातखाचरांतल्या मेडाका माशातही याच जनुकांचे काम बिघडले, की पाठीचा भाग पोटासारखा घडतो. म्हणजे दुसरी शेपटी ही वरून चिकटवलेली भर नव्हे, तर पाठीच्या जागी उमटलेले पोटाचे प्रतिबिंब आहे.

आणि त्याची किंमत माशाला मोजावी लागते. दुशेपटी माशाचे अंग आखूड आणि जाड होते, आणि कणा वाकडा असलेली पिल्लेही त्यांच्यात जास्त निघतात. म्हणून जाणते पैदासकार दुशेपटीची जोडी दुशेपटीशीच पुन्हा पुन्हा लावत नाहीत; मध्ये एकशेपटी आणतात.

सगळेच गुण असे एका जनुकावर चालत नाहीत. 'एलिफंट इअर' माशाचे कानासारखे मोठे पर मुख्यतः एकाच जागेवरच्या जनुकामुळे येतात. पण 'हाफमून', म्हणजे अर्ध्या चंद्रासारखी १८० अंश उघडणारी शेपटी, अनेक जनुकांच्या मेळातून येते. तेथे तीनास एक हा हिशेब चालत नाही. एकाच विणीत काही शेपट्या पुऱ्या उघडतात, पुष्कळशा थोड्या कमी. इंडोनेशियात तयार झालेल्या 'क्राऊनटेल'मध्ये परातल्या काड्या पडद्याबाहेर येतात, मोडक्या छत्रीसारख्या. त्याची जोडी साध्या माशाशी लावली, तर पिल्लांच्या शेपटीला बहुधा फणीसारखे बारीक दाते येतात.

मला स्वतःला आखूड परांचा रानटी बेटाच अधिक देखणा वाटतो. पदर जितका जड, तितके हवेसाठी वर येणे कष्टाचे. काही लांब परांचे नर तर स्वतःचीच शेपटी चावून आखूड करतात.

हे वाचून तुमच्यापैकी कोणाला घरीच पैदास करावीशी वाटेल. आधी बरण्या मोजा. तीनशे पिल्लांतली निम्मी नर निघाली, तर दोन-तीन महिन्यांतच दीडशे बरण्या लागतील, आणि प्रत्येकीचे पाणी बदलावे लागेल. मेंडेलच्या वाटाण्यांना ही अडचण नव्हती.

तोवर हे कोडे सोडवा. तुमच्याकडे एक एकशेपटी नर आहे. तो वाहक आहे की नाही, हे त्याच्याकडे पाहून ठरवता येत नाही. त्याची जोडी कोणत्या मादीशी लावाल? आणि पहिली दहाही पिल्ले एकशेपटी निघाली तर काय म्हणाल? एक सूचना देतो: वाहक नराची दहाही पिल्ले तशी निघण्याचा संभव १०२४ मध्ये फक्त एक आहे. हा आकडा कसा आला, तेही शोधा.