हिवाळा, घर आणि लहान मुलाचा खोकला

नागपूरचे नाव निघाले की माणसाला ऊन आठवते. पण 29 डिसेंबर 2018 रोजी याच नागपुरात पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. शहरात इतके, तर वैनगंगेच्या बाजूच्या उघड्या रानात, कुही तालुक्यातल्या एखाद्या कौलारू घरात पहाटे काय असेल, याची कल्पना करावी. धानाची मळणी, कापसाची वेचणी, मिरचीची तोडणी ही सारी कामे ह्याच दिवसांत अंगावर येतात, आणि घरातले लहान मूल आजारी पडते तेही ह्याच दिवसांत.

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. पण ह्या विषयातला फार मोठा भाग औषधाचा नाही. तो पाहण्याचा, मोजण्याचा आणि वेळेवर ठरवण्याचा आहे. आणि तो घरातच घडतो.

आपल्याकडे सरसकट म्हणतात, "लेकराले हवा लागली." हवा लागून सर्दी होते, असा समज. खरे तर सर्दी होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूंमुळे. एकाच्या नाकातून, खोकल्यातून, हातावरून ते दुसऱ्याकडे जातात. मग हिवाळ्यातच का वाढतात? थंडीत दारे-खिडक्या बंद होतात. एका खोलीत, एका गोधडीत तीन-चार मुले झोपतात. मोठ्या भावाने शाळेतून आणलेली सर्दी रात्रीतून धाकट्याला मिळते. कोरड्या थंड हवेत असे काही विषाणू अधिक टिकतात. त्यात चुलीचा धूर. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे डॉक्टरांच्या लेखी नवल नाही. म्हणजे दर सर्दीला घाबरायचे म्हटले, तर आईला वर्षभर दुसरे काम उरणार नाही.

धुराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. 2016 साली उज्ज्वला योजना आली, आणि पुष्कळ घरांत गॅस आला. परंतु आंघोळीचे पाणी अजूनही कितीतरी अंगणांत तुराट्या-पऱ्हाट्यांवरच तापते, आणि सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून भाकरीही चुलीवर होते. थंडी आहे म्हणून तान्ह्या बाळाला चुलीपाशीच मांडीवर घेऊन बसतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची, खोलीला वारा लागू द्यायचा नाही, हे तर ठरलेलेच. हेतू चांगला आहे. बाळाला ऊब हवीच. पण ऊब आणि धूर एकत्र देण्याची गरज नाही. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीने तर आई आणि बाळ दोघांचाही झोपेतच जीव जाऊ शकतो. त्या वायूला वास नसतो. ऊब द्यायची तर बाळाच्या डोक्याला टोपडे, पायांत मोजे, आणि आईच्या उघड्या छातीशी बाळाचे उघडे अंग लावून वरून दोघांना पांघरूण. आईच्या अंगासारखी शेगडी दुसरी नाही, आणि तिला तुराट्याही लागत नाहीत.

आता साधी सर्दी. नाक गळते, थोडा ताप येतो, मूल किरकिर करते, रात्री दोनदा उठते. घरातली झोप जाते. सकाळी आईला वेचणीला जायचे असते, एक दिवस चुकला तर मजुरी बुडते. मग मूल आजीकडे किंवा शाळेला दांडी मारलेल्या मोठ्या बहिणीकडे राहते. गुरुजींनी हिवाळ्यातले हजेरीपुस्तक जरा ह्या नजरेने पाहावे. तिसरी-चौथीतली मुलगी सलग दोन दिवस आली नाही, तर तिच्या घरी एखादे आजारी लेकरू तर नाही ना, एवढे विचारायला हरकत नाही.

सर्दीत मुलाला करायचे ते एवढेच: दूध पाजत राहायचे, आणि नाक मोकळे ठेवायचे. तान्हे बाळ नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की ते स्तन सोडते, रडते, आणि घरचे म्हणतात, "दूधच नाही पीत." नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरू शकते. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे थेंब स्वस्तात मिळतात. पाजण्याआधी ते दोन-दोन थेंब घालून नाक मऊ फडक्याने पुसावे. सहा महिन्यांपुढच्या मुलाला पातळ वरण, मऊ भात, कोमट पाणी थोडेथोडे, पण पुन्हापुन्हा द्यावे. आजारात जेवण तोडण्याची आपली रीत फार वाईट. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला मध चाटवला तर खोकल्याला आराम पडतो. वर्षाच्या आत मात्र मध मुळीच नको, त्यातून क्वचित एक भयंकर विषबाधा होते. आजीचा तुळशीचा कोमट काढा मोठ्या मुलाला घोटभर द्यायला कोणाची ना नाही.

आणि खोकल्याची बाटली? इथे सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 चे प्रकरण विसरता येणार नाही. शेजारच्या मध्यप्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साधा सर्दी-खोकला झालेल्या मुलांना कोल्ड्रिफ नावाचे सिरप दिले गेले. ते तामिळनाडूत तयार झालेले होते आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. उपचारासाठी त्यांतली बरीच मुले आपल्या नागपूरच्या इस्पितळांत आणली गेली, आणि वीसहून अधिक मुले दगावली. त्यांचा मूळ आजार आठवड्याभरात आपोआप बरा झाला असता, ही त्यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत. तेव्हा दुकानदाराला "काही खोकल्याचं द्या" म्हणून आणलेली बाटली लहान मुलाच्या तोंडाला लावू नये. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे, डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून.

इथवर झाली ती साधी सर्दी. खरा प्रश्न पुढचा आहे. दहा मुलांना एकसारखाच खोकला असतो. त्यांतले एखादे न्यूमोनियाच्या वाटेने चाललेले असते. ते कोणते, हे ओळखायचे कसे?

आपल्या जुन्या बायकांना ह्या आजाराची ओळख होती. त्या म्हणत, "लेकराले डब्बा झाला." श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, पोट भात्यासारखे चालते, हे त्यांनी बरोबर हेरले होते. निदान बरोबर, उपाय मात्र भयंकर. पोटावर, छातीवर बिब्ब्याचे चटके, नाहीतर तापल्या लोखंडाचे डाग. मेळघाटात ह्याच प्रकाराला डंमा म्हणतात, आणि तिथून अशा बातम्या अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. आधीच श्वासासाठी झगडणाऱ्या जिवाला वरून भाजलेली जखम, आणि गेलेला एक मोलाचा दिवस. पण म्हणून आजीबाईंचे सारेच हसण्यावारी नेणाऱ्या शहाण्यांशी माझे जमत नाही. तिची नजर घ्यावी, तिच्या हातातला बिब्बा तेवढा काढून घ्यावा.

त्या नजरेला आकड्याची जोड कशी मिळाली, ती हकीकत आपल्या विदर्भातलीच आहे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे, आणि दवाखाना दूर आहे, हे त्यांना दिसले. मग त्यांनी 58 गावांत लोकांना ह्या आजाराची माहिती दिली, आणि गावातल्याच आरोग्यसेवकांना व सुईणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर प्रतिजैविक द्यायला शिकवले. तुलनेसाठी 44 गावे निराळी धरली. 1990 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. वर्षभरात ज्या 612 मुलांवर असे उपचार झाले, त्यांत दगावण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. तुलनेच्या गावांत ते शेकडा साडेतेरा होते. आकडा नीट ऐका. शंभरांत तेरा-चौदा, आणि शंभरांत एकही नाही. आजार तोच, जिल्हा तोच.

ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी मण्यांचे आणि एक मिनिटाच्या वाळूच्या घडीचे एक सोपे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अक्षरओळख नसलेली बाई त्याच्या आधाराने न्यूमोनिया ओळखू लागली. मला हे शिक्षणक्षेत्रातले मोठे काम वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा धडा असायला हवा.

आपल्या घरी मणी नकोत, मोबाइल फोनमध्ये सेकंद दाखवणारे घड्याळ असते. मूल शांत असताना, झोपलेले असताना मोजावे. रडताना किंवा नुकतेच धावून आलेले असताना मोजलेला आकडा कामाचा नाही. अंगावरचा सदरा वर सारावा, पोटाकडे व छातीकडे पाहावे. एकदा फुगले की एक. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस करू नये, कारण लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजावे, आणि तितकेच आले तर तो धोका. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या मुलाला 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 किंवा जास्त, हा न्यूमोनियाचा इशारा समजावा.

श्वास का वाढतो? विहिरीवरून पाणी भरताना बादली दर खेपेला अर्धीच भरत असेल, तर रांजण भरायला खेपा दुप्पट लागतात. न्यूमोनियात फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांत पाणी आणि पू साचतो. दर श्वासाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून श्वासांची संख्या वाढते. आजार वाढला की फुप्फुस ताठर होते, ओढ लावल्याशिवाय हवा आत येत नाही, आणि बरगड्यांखाली खळगा पडू लागतो.

असा खळगा पडत असेल, मूल दूध-पाणी घेईनासे झाले असेल, सारे ओकून टाकत असेल, झटका आला असेल, हलवूनही नीट जागे होत नसेल, ओठ निळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतले बाळ नुसते गरम लागले किंवा अंगाने गार पडले, तरी हाच नियम. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आरोग्य केंद्र, कुहीचे रुग्णालय, आणि तिथून पाठवले तर नागपूरचे मेडिकल किंवा मेयो. वाटेत आईने बाळाला छातीशी धरून ऊब द्यावी, पीत असेल तर पाजत राहावे. पूर्वी नागपूरला जायला छोटी गाडी असे. इतवारी-नागभीड मार्ग रुंद करण्यासाठी ती 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. तसेही मध्यरात्री गाडीचा भरवसा कधीच नव्हता.

खरी अडचण मात्र वाटेची नसते, ओसरीवरची असते. मुलाला रात्रभर पाहणारी असते आई, आणि "जाऊ का थांबू" हे ठरवणारा असतो दुसरा कोणी. सून म्हणते, "मामंजी, पोराचा श्वास बरा दिसत नाही." मामंजी म्हणतात, "अवं, सर्दीच तं हाय. काहून घाबरतं? सकाळी पाहू." मामंजी वाईट नसतात. पदरचे पैसे, उद्याची मळणी, मागच्या खेपेस उगीच पडलेला हेलपाटा, सारे त्यांच्या डोळ्यांपुढे असते. पण तीच सून जर म्हणाली, "मामंजी, मी दोनदा मोजले, बासष्ट भरले, पन्नासाच्या आत पाहिजेत," तर बोलणे बदलते. भीतीशी वाद घालता येतो, आकड्याशी घालणे कठीण. म्हणून श्वास मोजणे घरातल्या पुरुषांनीही शिकावे. शाळेत पाचवी-सहावीच्या मुलामुलींकडून गणिताच्या तासाला एकमेकांचे श्वास मोजून घ्यावेत; त्यांचे वीसेक भरतील, आणि मोजण्याचा सराव घरी धाकट्याच्या उपयोगी पडेल.

लशींबद्दल थोडेच सांगतो. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची न्यूमोकोकल लस 2017 पासून काही राज्यांत आणि 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. दुसऱ्या एका जंतूवरचा बचाव पेंटाव्हॅलंट लशीत असतो. गोवराची लसही इथे उपयोगी, कारण गोवरामागून न्यूमोनिया येतो. लस टोचल्यावर ताप येतो म्हणून पुढची तारीख चुकवणाऱ्या आयांना आशाताईंनी हे समजावून सांगावे.

आणि औषध सुरू झाल्यावर? दोन-तीन दिवसांत श्वास उतरतो, मूल हसू-खेळू लागते, आणि बाटली फळीवर जाते. पाच दिवसांची सांगितली असेल तर पाचही दिवस द्यावी. दोन दिवसांत फरक पडला नाही तर मुलाला पुन्हा दाखवावे. खोकला मात्र पंधरा-वीस दिवस रेंगाळू शकतो. श्वास ठीक असेल तर त्याची काळजी नको, त्याहून लांबला तर डॉक्टरांना विचारावे. आजारात मुलाचे वजन उतरते, म्हणून पुढचे दोन आठवडे रोज एक वेळचे जेवण जास्तीचे द्यावे. बाटलीत उरलेले औषध धाकट्या बहिणीला खोकला आला म्हणून पाजू नये. ते टाकून द्यावे, आणि तिचा श्वास वेगळा मोजावा.